प्रार्थनेत जागी राहणारी

प्रार्थना म्हटली की माणसं डोळे मिटतात. माझ्या धाकट्या जावेला मात्र चर्चनं उलटंच काम दिलं होतं. सगळ्यांनी मिटायचे आणि हिनं उघडे ठेवायचे.

चर्चच्या तळाला एक लांबट हॉल आहे. तिथे रोज दुपारी मुलांचा वर्ग भरतो. शाळा लवकर सुटते, आई-बाप कामावरून उशिरा येतात, मधल्या वेळात पोरांनी रस्त्यावर उंडारू नये म्हणून चर्चच्या पाळकांनी तो सुरू केला. दूध-पाव, अभ्यास, मागच्या अंगणात चेंडू, मग बायबलमधली एखादी गोष्ट, गाणं आणि शेवटी प्रार्थना. शिकवणाऱ्या, वाढणाऱ्या सगळ्या बायका चर्चच्या मंडळीतल्याच, फुकट राबणाऱ्या. आता लहान पोरं म्हणजे काय विचारता! डोळे मिटले की एक शेजारच्याला चिमटा काढणार, दुसरं पावाचा डबा उघडणार, तिसरं दाराबाहेर. बरं, मागच्या दाराला कडीही घालता येत नाही. आत मुलं असताना दार अडकवायचं नाही, असा आगीचा नियम आहे. म्हणून तिथे रीतच पडली होती की प्रार्थनेच्या वेळी एकीनं मागच्या खांबापाशी उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. पाळक म्हणायचे, "आपण तोंडानं प्रार्थना करतो, त्या डोळ्यांनी करतात."

त्या कामाला आमच्या घारीइतकं लायक माणूस गावात शोधून सापडलं नसतं. घार हे तिचं कारखान्यातलं नाव. पोरगी होती तेव्हापासून म्हातारपण दाराशी येईपर्यंत ती बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या तपासत होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, त्यांच्या मागे पांढरा दिवा असतो, आणि समोर स्टुलावर बसून तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली उचलून बाजूला टाकायची. नजर हलली की खराब माल पुढे गेलाच. शिंक आली तर आधी शेजारणीला कोपर मारायचं आणि मग शिंकायचं. घरी तरी ती नजर गप्प बसते का? माझं खाली इस्त्रीचं दुकान. मी घडी घालून ठेवलेल्या सदऱ्याची सुरकुती हिला जिन्यावरून दिसायची. "जाऊबाई, कॉलर बघा." एकदा चिडून म्हटलं, "अगं, देवानं तुला माणूस कशाला केलं, भिंग करायचं होतं!"

आमचे हे गेल्यापासून वरच्या खोलीत मी आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि भावजी. भावजी रंगारी. उभा जन्म शिडीवर गेला. भिंती खरवडायच्या, रंग मारायचा, घरी येऊन खोकायचं. त्यांना मूलबाळ झालं नाही. कारखाना बंद पडल्यावर ती चर्चच्या वर्गाला जायला लागली, तेव्हा बायका म्हणाल्या, मूल नाही ना, म्हणून जाते. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मला विचाराल तर तिला नुसतं बसवत नव्हतं. डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं.

मी स्वतः चर्चला जाते ती लग्नाला नाहीतर मातीला. देवाचं आणि माझं बरं चाललंय, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. ती मात्र खरी भाविक. म्हणून ते काम तिला जड जायचं. मला म्हणाली होती, "डोळे उघडे ठेवून प्रार्थना होत नाही हो जाऊबाई. खिडकी उघडी टाकून कपडे बदलल्यासारखं वाटतं." मग घरी येऊन, दार लावून, डोळे मिटून हिची वेगळी प्रार्थना. मी म्हणायचे, तुझा हा ओव्हरटाइम देव कुठे मांडून ठेवत असेल गं?

वर्गात एक चिमुरडी होती. सगळ्यात लहान, आणि साखरेच्या डब्याभोवती सतत घोटाळायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. बाप सोडून गेलेला. आई औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरायला. डोक्याला कामावरची निळी टोपी तशीच ठेवून लेकीला न्यायला धावत यायची. ही मुंगी प्रार्थनेत डोळे मिटायची नाही. घारीनं आधी डोळे वटारून पाहिलं. मुंगीनंही वटारले. मग त्या दोघींचा खेळच सुरू झाला: पाळक प्रार्थना म्हणताहेत, सगळा हॉल डोळे मिटून बसलाय, आणि या दोघी एकमेकींकडे टक लावून बघताहेत. पापणी ज्याची आधी मिटेल तो हरला. हरायची अर्थात मुंगीच. मग आमेन झालं की येऊन हिच्या लुगड्यात तोंड खुपसून म्हणायची, "घारमावशी, तू लबाडी करतेस." हे सगळं घार मला रोज सांगायची, मी इस्त्री फिरवताना. इतकी बोलकी मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती.

तेवढ्यात भावजींच्या फुप्फुसावर डाग निघाला. डॉक्टरांनी त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईस्तोवर घरात कोणी धड जेवत नव्हतं. घारीनं रडणं-बिडणं काही केलं नाही. नुसती भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. निकालाच्या दिवशी मी म्हटलं, "आज नको जाऊस वर्गाला." तर म्हणाली, "घरी बसून फोनकडे बघत बसू का? तिथे निदान पोरं असतात."

आणि गेली.

त्या दिवशी काय झालं ते आधी गावाला जसं कळलं तसं सांगते. खेळताना चेंडू अंगणाच्या तारेपलीकडे गेला. तारेपलीकडे उतार आणि उताराच्या तळाशी कालवा. तार एका ठिकाणी वाकलेली होती. मोठं माणूस जाणार नाही, पण मूल जाईल. बायकांनी पोरांना हाकलून आत आणलं, उद्या काढू म्हणाल्या. गोष्ट झाली, गाणं झालं, प्रार्थना झाली. मुलांची चपला घालायची झुंबड उडाली. मुंगीची आई आली, निळी टोपी घातलेली, आणि मुंगी कुठेच नव्हती. ती सापडली कालव्याच्या पुढच्या जाळीपाशी. चेंडू काठावरच्या गवतात अडकला होता. मुंगी त्याच्या जवळ पोचलीसुद्धा असेल.

त्या माउलीचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला होता. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

पोलीस आले. मूल कधी बाहेर पडलं, हाच प्रश्न होता. पाळक म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी शक्यच नाही. तेव्हा घारबाईंची नजर असते. त्यांची पापणी पडत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल." मग ती गेली कधी? आमेननंतर, चपलांच्या गडबडीत. आणि आमेननंतर मागच्या दाराची जबाबदारी होती आक्काची. आक्का म्हणजे हॉल झाडणारी, दूध तापवणारी म्हातारी. चर्चच्या मागे जिन्याखालच्या खोलीत राहते, पुढे-मागे कोणी नाही. रीत अशी की प्रार्थनेला आक्कानंही आत येऊन हात जोडायचे आणि आमेन झालं की मागच्या दारात उभं राहायचं, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत. आक्का रडून रडून सांगत होती, "मी दारातच होते हो. माझ्यासमोरून कोणी नाही गेलं." पण गरिबाच्या खऱ्याला विचारतो कोण? चर्चच्या पंचांनी ठरवून टाकलं, म्हातारीची नजर गेली, आता तिला ठेवता येणार नाही. खोली रिकामी कर म्हणाले.

त्याच दिवशी, त्याच वेळी, भावजींचा निकाल आला होता. डाग साधा होता. जुन्या रंगाची धूळ साचून झालेला. गोळ्यांनी जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडते तर घार दारात उभी. डोळे कोरडे, तोंड राखेसारखं. म्हणाली, "जाऊबाई, आक्काचं काही चुकलं नाही. मी डोळे मिटले होते."

मी इस्त्री खाली ठेवली.

तिनं सांगितलं ते असं. प्रार्थना चालली होती. मुंगी नेहमीसारखी हिच्याकडे टक लावून बसली होती. मुलांची प्रार्थना म्हणजे ठरलेली: आईबाबांना आशीर्वाद दे, आजाऱ्यांना बरं कर, आमेन. पण त्या दिवशी पाळक मध्येच थांबले आणि म्हणाले, "मुलांनो, आज आपल्या घारमावशीच्या घरी फार काळजीचा दिवस आहे. सगळ्यांनी मिळून तिच्या यजमानांसाठी मागू या." आणि ती सगळी बोबडी पोरं एका आवाजात म्हणायला लागली, हे प्रभू, काकांना बरं कर. घार म्हणाली, "मला धरवलं नाही. मिटले. मिटले आणि मीही मागितलं. आमेन ऐकूनच उघडले. मुंगीची चटई रिकामी होती. मला वाटलं, पहिली उठून चपलांकडे पळाली असेल. तेवढ्यात यांचा फोन आला, की डाग साधा आहे. मी जिन्यात जाऊन रडत बसले. आनंदानं रडत बसले हो जाऊबाई."

"अगं, पण कुणाच्याही हातून झालं असतं," मी म्हटलं. "त्या पाळकाला कळायला नको? राखणीला उभ्या केलेल्या बाईला प्रार्थनेत ओढायचं?"

"ऐका. अजून आहे." मग तिनं ते सांगितलं, जे तिनं नंतर फक्त एकदाच सांगितलं. चेंडू पलीकडे गेला तेव्हा मुंगी हिच्या मागे लागली होती, मी आणते, मी लहान आहे, मी तारेतून जाते. रडायला आली. तेव्हा तिला गप्प करायला ही हसून म्हणाली होती, "बरं, आज प्रार्थनेत मला हरवलंस तर जा हो आणायला."

का? तर आपण कधी हरत नाही, हे हिला ठाऊक होतं. नाही म्हणण्याचीच ती एक रीत. आणि मुंगी जिंकली. पोरीनं चोरी केली नाही की आज्ञा मोडली नाही. तिला परवानगी होती.

मी दुकानाचं दार ओढून घेतलं. मग जे सुचलं तेच बोलले, आणि आजही तेच बोलेन. मी म्हटलं, "गप्प बस. कोणी पाहिलेलं नाही. सगळ्या हॉलाचे डोळे मिटलेले होते. ज्या एका जिवानं पाहिलं ते आता बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आक्काला आपण घरी आणू, माझ्या खोलीत राहील, मी जेवू घालीन. पण तू तोंड उघडलंस तर त्या पोरीच्या आईचं काय होईल? ती काय परत मिळणार आहे का तिला?"

भावजीही आतून आले. ते म्हणाले, "वहिनी बरोबर बोलताहेत." आणि मग, फार हळू, "माझ्यासाठी झालं ना. मग आता माझं ऐक."

तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि आत गेली. त्यानंतर तिनं जेवण जवळजवळ सोडलंच. बोलायचंही सोडलं. भावजी गोळ्या घेऊन सुधारत होते, खोकला कमी झाला, गालांवर मांस चढायला लागलं, आणि ही त्यांच्यासमोर वाळत चाललेली. लोक म्हणायचे, पोरीचा धक्का बसलाय. तिच्या डोळ्यांत काय रुतून बसलंय ते मला माहीत होतं. आक्काला मी दोनदा बोलवायला गेले. म्हातारी म्हणाली, "खोटारडी ठरवलं मला आणि आता तुमच्या घरात पडू? मी कुठेही जाईन, पण केलं नाही ते कबूल करणार नाही." तिनं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. त्याच्यावरच बसून होती.

मग मुंगीसाठी प्रार्थनासभा ठेवली, त्याच हॉलात. मीही गेले. पोरांच्या चटया गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या, खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मुंगीची आई. आज टोपी नव्हती, पण पिशवी मांडीवर होती; सभा संपली की पाळीला जायचं होतं तिला. सुट्टी कुठून आणणार? भावजी माझ्या शेजारी, धुतलेल्या सदऱ्यात, केस विंचरून. मीच इस्त्री केली होती त्या सदऱ्याला. आक्का मागे दाराशी, खाली मान घालून. घार मात्र बसली नाही. ती आपल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, सवयीनंच असेल.

पाळक म्हणाले, "डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. मी तिच्याकडे बघत होते. मला कळलंच होतं. मी मानेनं नको, नको म्हणत होते.

"थांबा," ती म्हणाली. "उघडा डोळे. मला बोलायचंय."

आणि ती बोलली. आक्का दारातच होती, ती खरं बोलतेय, इथून सुरुवात केली. मग डोळे मिटल्याचं सांगितलं. मग पैजेचं. आवाज चढला नाही, पडला नाही. बाटली उचलून बाजूला टाकावी तसं एकेक वाक्य बाजूला टाकत गेली. सांगून झालं तेव्हा मागे आक्कानं तोंडाला पदर लावला आणि हुंदके द्यायला लागली.

पाळक उभेच होते. पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, की बाई, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं. कसलं काय! म्हणाले, "प्रभू क्षमाशील आहे. आपणही क्षमा करू या." सांडलेल्यावर फडकं टाकावं, इतक्या घाईनं म्हणाले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! क्षमा करणारे तुम्ही कोण? पोर कुणाची गेली?

मुंगीची आई उठली. पिशवी खांद्याला लावून खांबापर्यंत गेली. मला वाटलं, मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती घारीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ती घरी सांगायची. प्रार्थनेत आम्ही दोघीच जाग्या असतो म्हणायची. मला वाटायचं, चला, माझी पोर तिथे सुखरूप आहे."

घार तिच्याकडे बघत राहिली. मान खाली घातली नाही तिनं.

"मावशी, डोळे मिटून काय मागितलंत?"

"नवऱ्याचा जीव."

आईनं वळून खुर्च्यांकडे पाहिलं. भावजी कोण ते तिला कोणी दाखवायची गरज पडली नाही. ते अर्धवट उठले होते, हात जोडलेले, बसावं की उभं राहावं कळत नव्हतं त्यांना. तिनं त्यांना नीट पाहून घेतलं. धुतलेला सदरा, भरलेले गाल, सगळं.

"मिळाला?" तिनं विचारलं.

"मिळाला," घार म्हणाली.

"मग बरं झालं," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता हो, तेच तर. पिशवी सावरली आणि पाळीला निघून गेली. पुढच्या महिन्यात तिनं खोली सोडली. कुठे गेली, कोणाला माहीत नाही.

आक्काची खोली राहिली. गाठोडं सोडून तिनं भांडी परत फळीवर लावली. मागच्या तारेच्या जागी भिंत आली, दाराला घंटा आली. घारीला वर्गाला येऊ नका म्हणाले, गोड शब्दांत. मंडळीतल्या बायका दारावरून जाताना आता "बऱ्या आहात ना?" विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

ती घरीच असते. जेवायच्या आधी भावजी हात जोडून प्रार्थना म्हणतात, जन्माची सवय. पूर्वी घरात तरी ती डोळे मिटायची. आता मिटत नाही. ते म्हणत असतात आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसते, आमेन होईपर्यंत. मग वाढते. भाजी जास्त वाढते त्यांना, दूध देते, गोळी हातावर ठेवते. काही कमी करत नाही.

परवा भावजी दुकानात आले. मी सदऱ्यांवर पाणी शिंपडत होते. खोकला आता अजिबात नाही त्यांना, तब्येत पंचविशीतल्या पोरासारखी. उगाच घडीचा ढीग नीट केला, मग म्हणाले, "वहिनी, तो डाग साधा निघाला नसता तर बरं झालं असतं."

"गप्प बसा," मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका." इस्त्री तापली होती, ती फिरवत राहिले. ते बराच वेळ तिथे उभे होते.